फोटो सौजन्य : गूगल

दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं कुळगी येतं. वनखात्याचा निसर्ग-कॅम्प, झाडांच्या सावलीत तंबू, चार-दोन खोल्या, एक माहिती केंद्र आणि त्यापलीकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. आम्हा बेळगावकरांना हा भाग तसा घरचाच. खानापूर, लोंढा, रामनगर करत गेलं तरी पोचतो, अळणावरवरून गेलं तरी पोचतो. वाटेत मराठी, कोकणी आणि कानडी अशा तिन्ही भाषांत रस्ता विचारता येतो आणि तिन्ही भाषांत ‘हे काय, जवळच’ असंच उत्तर मिळतं.

पूर्वी कुळगीला येणाऱ्यांच्या दोन जाती होत्या. एक तंबूत शिरून झोपणारी आणि दुसरी पहाटे उठून पहिलीला उठवणारी. आता तिसरी आली आहे, फोटोवाल्यांची. अंगात पानापानांचे कपडे, लेन्सला तसलीच झूल, डोक्यावर तसलीच टोपी. पक्ष्याला चाहूल लागू नये म्हणून केवढी तयारी! आणि ऐन वेळी खिशातला फोन ‘गणनायकाय’ म्हणून ओरडतो. तरीही या मंडळींबद्दल मला प्रेम आहे. कवड्या धनेशाच्या एका फोटोसाठी अर्धा दिवस उंबराखाली मान वर करून बसणारा माणूस त्या वेळात निदान दुसऱ्या कुणाला त्रास देत नाही.

त्रास नंतर सुरू होतो, फोटो गटावर टाकल्यावर.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी (नाव सांगत नाही, आणि या विषयावर लिहिताना नाव न सांगण्यातली गंमत माझ्याही लक्षात आली आहे) धनेशाचा एक फोटो काढला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, लगद्यानं दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. अंडी उबवून पिल्लं जरा मोठी होईपर्यंत काही आठवडे नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. गृहस्थांनी नेमका तोच क्षण धरला. बाहेरून नराची चोच, आतून मादीची आणि दोन चोचींच्या मध्ये एक लालबुंद फळ. फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं, झुपकेदार अक्षरांत. घरट्याची जागा उघड करू नये हे या छंदातलं शहाणपण पाळून खाली फक्त ‘पश्चिम घाट’ लिहिलं आणि पक्षीप्रेमींच्या गटावर सोडून दिला.

तो फोटो आठवड्याभरात त्यांच्याकडे परत आला. सौभाग्यवतींकडून. त्यांना भिशीच्या गटावरून आला होता. कोपरा कापलेला, बाजूला दोन गुलाब, एक समई आणि वर मजकूर : ‘बायको घरात विश्रांती घेते, नवरा बाहेर राबतो. निसर्गाकडून शिका. शुभ सकाळ.’ खाली बारीक अक्षरांत : ‘फोटो सौजन्य : गूगल’. सौभाग्यवतींनी पुढे स्वतःचे दोनच शब्द जोडले होते : ‘बघा जरा.’ दर रविवारी घर टाकून रानात पळणाऱ्या माणसाला त्याच्याच फोटोवरून संसाराचा धडा मिळाला. त्यांचं दुःख मी समजू शकतो. ‘अगं, हा माझा फोटो आहे’ असं ते म्हणाले, तर ‘तुमचा असता तर नाव नसतं का?’ असं उत्तर आलं.

आता नाव नव्हतं हे खरं. आपल्याकडे लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. दुकानदार टकटक करत तांब्यावर ‘चि. अमुक याच्या मुंजीत आत्याकडून’ असं कोरून द्यायचा. तो तांब्या काही कपाटात बसत नसे. शेजारी ताक घेऊन जायचा, तिथून कुणाच्या डोहाळजेवणाला जायचा, कार्यालयात हरवायचा आणि कधीतरी पुन्हा आपल्या घरी हजर व्हायचा. फिरण्याबद्दल कुणाची तक्रार नसे, भांडं फिरण्यासाठीच असतं. तळाचं नाव घासून काढायची बुद्धी मात्र शेजारणीला होत नसे. फोटोचंही तेच म्हणायचं आहे. फिरू दे की! पण हल्ली भांडं हातात आलं की आधी कानशीच घेतात.

आणि कानस घेणारे कुणी चोर-दरोडेखोर नसतात. ती अत्यंत प्रेमळ माणसं असतात. एखादी गोष्ट आवडली की ती लगेच दहा जणांना दाखवावी, हा मराठी माणसाचा उमाळा. त्या उमाळ्यात नाव अडचणीचं होतं, कोपऱ्यात काहीतरी काळं दिसतं, समई नीट बसत नाही. काहींना मनाची टोचणी लागते. ती शमवायला त्यांनी मंत्र शोधून ठेवले आहेत. ‘साभार’ लिहायचं आणि पुढे कुणाचं ते लिहायचंच नाही. ‘संकलित’ लिहायचं. ‘जसं आलं तसं पुढे’ लिहायचं. ‘पीसी’ लिहून पुढे ‘इंटरनेट’ लिहायचं. इंटरनेट नावाचा हा छायाचित्रकार भलताच कष्टाळू असला पाहिजे. एकाच सकाळी तो कुळगीत धनेश टिपतो, ताडोबात वाघीण टिपतो आणि संध्याकाळी पंढरपुरात विठोबाचा शृंगार.

गृहस्थांनी भिशीच्या गटाकडे तक्रार पाठवली, तर तिथून एका भगिनीनं विचारलं, ‘पक्षी काय यांच्या मालकीचा आहे?’ प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कुळगीपासून फार लांब नसलेल्या गणेशगुडीला ओल्ड मॅगझिन हाऊस म्हणून एक मुक्कामाची जागा आहे. तिथे पक्ष्यांना अंघोळीसाठी पाणी ठेवतात, पाण्याशेजारी बसायला वाळकी फांदी रोवतात आणि समोर कॅमेऱ्यांची रांग लागते. पक्षी येतो, फांदीवर बसतो, अंघोळ करतो, जातो. रांगेतल्या सगळ्यांकडे तोच पक्षी, तीच फांदी, तेच थेंब. संध्याकाळी सगळे गटावर तोच फोटो टाकतात आणि एकमेकांना ‘अप्रतिम टिपलंय!’ म्हणतात. यातला कुणाचा कुठला हे त्या पक्ष्यालाही सांगता येणार नाही. असा एक फोटो दुसऱ्याच्या नावावर गेला आणि त्यावरून आठवडाभर महाभारत झालं, हे मी डोळ्यांनी वाचलं आहे. त्या भांडणात मी तटस्थ राहिलो. मला ते दोन्ही फोटो सारखेच दिसत होते.

खुद्द रानात तरी उसनवारीला कुठे बंदी आहे? कुळगीच्या रानात भृंगराज आहे. काळाकुळकुळीत कोतवाल, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुपके. हा पक्षी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढतो. एकदा पहाटे आमच्या वाटाड्याला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘शिक्रा बोलतोय.’ तो न थांबता म्हणाला, ‘शिक्रा नव्हं सर, कोतवाल हाय. शिक्रा झाला की हळद्या व्हईल, मग मांजर व्हईल. ऐकत ऱ्हावा.’ मांजर काही झालं नाही, पण हळद्या खरोखरच झाला. श्रीलंकेच्या जंगलात गुडेल आणि कोटगामा या संशोधकांनी याच्या जातभाईंचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की हा पक्षी नकला वाटेल तेव्हा करत नाही. धोका दिसला की दुसऱ्या पक्ष्यांची धोक्याचीच हाक उचलतो आणि इतर पक्षी ती ऐकून वागतात. म्हणजे अवतरण दुसऱ्याचं, श्रेय कुणालाच नाही, पण संदर्भ अचूक! आमच्या भिशीच्या गटापेक्षा हा एका पायरीनं वरच म्हणायचा.

माणसांत या धंद्याचा आद्यपुरुष देहूचा. तुकोबांचे अभंग उचलून त्यांत आपलं नाव घालणाऱ्या सालोमालोबद्दल खुद्द गाथेतच कुरकुर आहे. ‘तुका म्हणे’ ही त्या काळची कोपऱ्यातली झुपकेदार अक्षरंच. सालोमालोनं तेवढीच बदलली. एरवी विसरला गेला असता, पण ज्याचं चोरलं त्यानंच त्याचं नाव अजरामर करून ठेवलं. १९३६ साली प्रभातनं ‘संत तुकाराम’ काढला, तेव्हा तो खलनायक म्हणून पडद्यावरही आला. आणि खरी मौज पुढेच आहे. त्याच चित्रपटात तुकोबांच्या तोंडी एक गाणं आहे, ‘आधी बीज एकले’. ते गाथेतलं नाही. ते लिहिलं शांताराम आठवले यांनी, चित्रपटासाठी. इतकं जमलं की लोक आजही तुकोबांचा अभंग म्हणून ते गातात. ज्या चित्रपटात एक जण तुकोबांची कविता आपल्या नावावर करतो, त्याच चित्रपटातून एका हयात कवीची कविता तुकोबांच्या नावावर गेली. सालोमालोला खलनायक ठरवणाऱ्या प्रेक्षकांनीच, थिएटरातून गुणगुणत बाहेर पडता पडता, हे काम उरकलं. आठवल्यांनी यावर रागवावं की पेढे वाटावेत?

म्हणजे चाहत्याचं हे जुनंच दुखणं. चोर दुसऱ्याचं आपल्या नावावर करतो, चाहता दुसऱ्याचं आपल्या दैवताच्या नावावर करतो. पु. ल. गेल्यावर त्यांच्या नावानं जेवढं लिहिलं गेलं, तेवढं त्यांनी हयातीत लिहिलं असतं तर त्यांना पेटी वाजवायला वेळच मिळाला नसता. व. पुं.चंही तसंच. कुठलंही वाक्य थोडं हळवं झालं की ते आपोआप व. पुं.चं होतं.

पण कवितेचं एक बरं आहे. नाव चुकलं तरी ओळ हरवत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र नाव चुकवल्यानं काय होतं, याची एक गोष्ट आहे आणि तिचा एक पाय आमच्या या उत्तर कन्नड जिल्ह्यातच आहे.

जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. वसुलीचं काम करता करता पक्षी आणि अंडी गोळा करण्याचं वेड. पुढे तो कारवारला या जिल्ह्याचा कलेक्टर झाला. उत्तर कानड्याच्या पक्ष्यांवर त्यानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. वनाधिकारी टी. आर. बेल आणि ‘ईहा’ या नावानं खुसखुशीत लिहिणारे ई. एच. एटकेन यांच्या जोडीनं इथल्या फुलपाखरांवरही लिहिलं. म्हणजे आमच्या गटासारखाच एक गट, फक्त शुभ सकाळ नसलेला. कारवारच्या आधी, १८८०च्या दशकात, डेव्हिडसन खानदेशात होता आणि तिथे शहाद्याकडच्या रानात त्यानं रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. हे छोटं घुबड अत्यंत दुर्मीळ. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची इनमिन सात कातडी. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी : कुणी, कुठे, केव्हा. १८८४ नंतर ते खात्रीलायकरीत्या कुणाला दिसलंच नाही.

अपवाद एकाचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन. इंग्रज लष्करी अधिकारी, हौशी पक्षीतज्ज्ञ, मोठं प्रस्थ. सालिम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी बघत हिंडले होते. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४, मांडवी, म्हणजे गुजरातेत तापीकाठी. शंका कोण घेणार? शोधणाऱ्यांच्या नकाशावर मांडवी आलं. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनाही पिंगळा सापडला नाही. बहुतेकांनी त्याला नामशेष ठरवून टाकलं.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ बाईंना त्या कर्नलसाहेबांचा संशय आला. त्या आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, एक्स-रे काढले. कातडं आत कसं भरायचं याची ज्याची त्याची एक पद्धत असते. वरून पुन्हा शिवून, सजवून ठेवलेल्या त्या पिंगळ्याच्या आत डेव्हिडसनचा हात दिसला. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना उचलला होता, जुनी चिठ्ठी काढून टाकली होती आणि आपली लावली होती. कोपरा कापला आणि समई बसवली, दुसरं काय? त्यांना त्यातून पैसे मिळायचे नव्हते. शेवटचा रानपिंगळा आपण पाहिला, एवढंच म्हणवून घ्यायचं होतं. चाहताच तो.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर उरल्या त्या खऱ्या चिठ्ठ्या. त्या धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हिंदुस्थानात आले, आधी पूर्वेकडची रानं धुंडाळली, मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. तो काही कुठे गेला नव्हता. पुढे मेळघाटातही सापडला. शोधणारे चुकीच्या गावी जात होते, कारण चिठ्ठीवरचं नाव पुसताना गावही पुसलं गेलं होतं.

हे सगळं मी आमच्या गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले. ‘मी काय वेगळं म्हणतोय?’ म्हणाले. त्यांच्या फोटोचं पुढे काय झालं तेही याच जातीचं होतं. भिशीच्या गटावरून फोटो आणखी दहा गटांवर गेला आणि तिथे कुणीतरी जाणकारानं झाड ओळखून खाली लिहिलं, ‘दांडेली-कुळगी भाग, नक्की.’ गृहस्थांनी काय केलं होतं? नाव ठेवलं होतं, जागा लपवली होती. लोकांनी नाव घालवलं आणि जागा छापली. पुढच्याच सुट्टीत त्या झाडाखाली चार गाड्या. नाव राहिलं असतं तर ज्यांना जायचं होतं त्यांनी आधी त्यांना विचारलं असतं, आणि ते ठामपणे खोटं बोलले असते. या छंदात तेवढं खोटं पुण्यात जमा होतं.

इथपर्यंत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूनं. पण मी त्यांना विचारलं, ‘ढोली तुम्हाला कशी दिसली?’

‘वाटाड्यानं दाखवली.’

‘त्याचं नाव घातलं होतं का फोटोवर?’

ते जरा थांबले. ‘अहो, तो तर तिथलाच आहे.’

हे उत्तर मला नवं नव्हतं. या रानातल्या बहुतेक फोटोंची गोष्ट अशीच असते. कुणबी, गवळी, सिद्दी घरांतली पोरं, कुणी वनखात्याचा रोजंदार, कुणी गाडी चालवता चालवता शिकलेला. धनेश कुठल्या उंबरावर कधी येतो, त्याच्या पंखांचा आवाज किती लांबून येतो, हे त्यांना ठाऊक. ‘सर, डावीकडं, दुसरी फांदी, पानाच्या मागं,’ असं वाटाड्या तीनदा सांगतो, सर चौथ्यांदा बघतात, आणि कॅमेरा सेकंदात वीस फोटो काढतो. वर नाव येतं सरांचं. खाली कॅमेऱ्याचं, लेन्सचं, लेन्सच्या मिलिमीटरचं, शटरच्या वेगाचं. म्हणजे श्रेय द्यायची सवय नाही असं नाही. कंपनीला देतो, काचेला देतो. डोळ्याला देत नाही. ‘तो तिथलाच आहे’ हे कारण असेल, तर ‘फोटो गूगलवरचाच आहे’ या कारणात आणि त्यात फार अंतर नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी चहा मागवला. रागावलेला माणूस चहा मागवत नाही, म्हणून मी पुढे बोललो.

एक मात्र त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या फोटोपासून खाली दोन ओळी यायला लागल्या : ‘दाखवला : अमुक. टिपला : तमुक.’ गटावर थोडी कुजबुज झाली. एकानं विचारलं, ‘मग चहा करणाऱ्याचंही नाव घालणार का?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘धनेशाची परवानगी घेतली का?’ पण पाहता पाहता आणखी तिघा-चौघांनी तशाच ओळी घालायला सुरुवात केली, आणि एकानं उत्साहाच्या भरात वाटाड्याचा मोबाइल नंबरही घातला.

परवा कुळगीला गेलो तेव्हा तो वाटाड्या भेटला. मी म्हटलं, ‘काय राव, आता तुमचं नाव गाजतंय.’ तो हसला. नाव आलं त्याचं त्याला बरं वाटत होतं, मुलीला दाखवलं म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, ‘सर, नाव घाला. ते चांगलं हाय. खरं नंबर तेवढा काढायला सांगा त्यास्नी. काल रात्री साडेअकराला पुण्यासनं फोन. म्हणतात, काळा बिबट्या उद्या किती वाजता येईल? मी म्हटलं, झोपलाय तो, आणि मी पण.’